गालापागोसमध्ये बोटीवरून: घाबरत नसलेल्या जनावरांशी कसं वागायचं

सान क्रिस्तोबाल बेटाच्या धक्क्यावर बाकं आहेत आणि त्यांवर बहुतेक वेळा समुद्रसिंह झोपलेले असतात. माणसं उभी आणि जनावरं आडवी. पहिल्या दिवशी मी हातातलं सामान खाली न ठेवता कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. शाळेची मुलं दप्तरं घेऊन बाकाजवळून गेली. एकानेही वळून पाहिलं नाही, आणि समुद्रसिंहानेही डोळा उघडला नाही.

आपल्याकडे जनावर दिसणं हे नशीब. ताडोबात पहाटेपासून जिप्सीत बसायचं आणि परतताना ‘आज नाही दिसला’ म्हणायचं. गालापागोसला ती चिंताच नाही. एक्वादोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेला, ज्वालामुखीतून वर आलेली ही बेटं आहेत. मोठे शिकारी सस्तन प्राणी इथे आपणहून कधी पोहोचलेच नाहीत, त्यामुळे माणूस दिसला की पळायचं ही सवयच इथल्या जनावरांना लागली नाही. आपल्या जंगलात अंतर राखायचं काम जनावर करतं. इथे ते आपल्याला करावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळ्यात अवघड हेच जातं, म्हणून या लेखात तिकिटांपेक्षा त्यावर जास्त लिहिलं आहे.

१. आधी हंगाम, मग मार्ग, बोट शेवटी

बहुतेक जण फोटो बघून बोट ठरवतात आणि मग ती नेईल तिथे जातात. उलट करा. आधी ठरवा, काय बघायचंय?

डिसेंबर ते मे हा उबदार काळ. मधूनमधून सरी येतात, बेटं हिरवी होतात, समुद्र बराच शांत असतो आणि समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. जून ते नोव्हेंबर थंड हम्बोल्ट प्रवाहाचा काळ. आकाश ढगाळ, वर ‘गारुआ’ नावाची बारीक रिमझिम, पाणी गार आणि खळबळतं. पण याच थंड पाण्यात खाद्य भरपूर असतं, त्यामुळे समुद्रपक्ष्यांची चंगळ असते. ज्यांना बोट लागते त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबर टाळावा.

अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी बघायचा असेल तर एस्पान्योला बेटाचा मार्ग घ्या, तोही एप्रिल ते डिसेंबर याच काळात. जानेवारी ते मार्च तो खुल्या समुद्रावर असतो, बेटावर सापडत नाही. उडता न येणारा पाणकावळा फक्त पश्चिमेला, फर्नांदिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर. लाल पायांचे बूबी हे समुद्रपक्षी मोठ्या संख्येने बघायचे तर उत्तरेला हेनोवेसा. एका आठवड्यात हे सगळं होत नाही. शिवाय बोटींचे मार्ग राष्ट्रीय उद्यान ठरवून देतं आणि एकच बोट १४ दिवसांच्या आत त्याच ठिकाणी पुन्हा जाऊ शकत नाही. म्हणून कप्तानाला गळ घालून मार्ग बदलून मिळत नाही. बुकिंगच्या आधीच दिवसवार यादी मागून घ्या.

माझं मत विचाराल तर १६ प्रवाशांची बोट आणि निदान सात रात्री. एका गाईडमागे जास्तीत जास्त १६ माणसं असा नियम आहे, त्यामुळे छोट्या बोटीवर सगळे एकदमच किनाऱ्यावर उतरतात. मोठ्यात मोठ्या बोटी १०० प्रवाशांच्या असतात. त्या कमी हलतात, म्हणून सोबत वयस्कर माणसं असतील तर त्यांचा विचार करावा. चार दिवसांची सहल मात्र घेऊ नका, तिच्यातला पहिला आणि शेवटचा दिवस विमानतळातच जातो. खर्चाचा मेळ बसत नसेल तर सांता क्रूझ बेटावर पुएर्तो आयोरा गावात राहून रोजच्या बोटीने जवळची बेटं करता येतात. फर्नांदिना, हेनोवेसा यांसारखी दूरची बेटं बघायची तर मुक्काम बोटीवरच हवा.

२. कागद आणि पैसे

भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, तो नसेल तर युरोपमार्गे तिकीट काढा. एक्वादोरच्या प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्यामुळे त्यांच्या नवी दिल्लीतल्या दूतावासाकडून लेखी खात्री करून घ्या. एक्वादोरच्या मुख्य भूमीवर, किटो किंवा ग्वायाकिलच्या विमानतळावर २० डॉलरचं प्रवास नियंत्रण कार्ड घ्यावं लागतं. बेटावर उतरल्यावर राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क रोख द्यायचं: १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर. एक्वादोरचं चलन अमेरिकी डॉलरच आहे, त्यामुळे छोट्या नोटा जवळ ठेवा. बोटीवरच्या खलाशांना आणि गाईडला शेवटी बक्षिशी द्यायची असते, तिचाही हिशोब धरा.

पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या. त्याचा उपयोग परतताना आहे, ते शेवटी सांगते.

३. ओटीचा नारळ घरीच ठेवा

घरातून लांबच्या प्रवासाला निघताना आई-सासूबाई ओटी भरतात. पर्समध्ये खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, देवाचं फूल असतं. आणि बॅगेत तळाशी घरची मेथी, मूग आणि नात्यातल्या कुणीतरी दिलेले दोन आंबे. माझ्याही पर्समध्ये तांदूळ होते. ग्वायाकिलच्या तपासणीत बाईंनी पर्सचा कोपरा उलटा केला, सात-आठ दाणे बोटाने वेचून काढले आणि डब्यात टाकले. रागावल्या नाहीत. पण एक दाणाही सोडला नाही.

त्यामागचं कारण बेटांवर गेल्यावर कळतं. इथे माणसाने आणलेला पेरू आज रानभर माजला आहे. राक्षसी कासवं तो आवडीने खातात आणि त्याच्या बिया दूरवर पोहोचवतात. ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्यांनी डोंगरउतारावरची मूळची झाडं दाबून टाकली आहेत. बाहेरून आलेल्या एका माशीच्या अळ्या फिंच पक्ष्यांच्या घरट्यांत पिल्लांचं रक्त शोषतात. म्हणून रुजेल, उगवेल, कुजेल किंवा ज्यात किडे लपतील असं काहीही नेऊ नका. ताजी फळं, भाज्या, फुलं, बिया, कच्चं धान्य, कडधान्य घरीच राहू दे. बंद पाकिटातला चिवडा किंवा खाकरा सहसा चालतो, पण विचारलं की दाखवायचा. शाकाहारी असाल तर बोटीच्या कंपनीला महिनाभर आधी कळवा. भात, घेवडा, बटाटा, केळ्याचे प्रकार मिळतात, उपाशी कुणी राहत नाही.

बुटांचे तळवे भारतातूनच घासून न्या. सह्याद्रीतल्या ट्रेकची माती खाचांमध्ये वर्षभर राहते. बॅगेत टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, पाण्यात घालायचा पूर्ण बाह्यांचा अंगरखा, पट्ट्याचे सँडल, एक बूट आणि पाण्याची पक्की बाटली हवी. एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक तिथे चालत नाही. विषुववृत्तावरचं ऊन ढगांतूनही भाजतं.

४. बोट लागू नये म्हणून

बेटांमधली अंतरं बोट रात्री कापते. जेवण झालं की नांगर वर, आणि मध्यरात्री तुम्ही पलंगावर एकदा या कुशीवर तर एकदा त्या कुशीवर आपोआप वळत असता. खोली निवडताना खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्याजवळची घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी. गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, नांगर उचलण्याच्या तासभर आधी घ्यायची. कोणती, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. मळमळायला लागलं तर आत झोपून राहू नका. डेकवर या आणि क्षितिजाकडे बघा. आलेपाकाची सीलबंद पाकिटं मी नेली होती आणि बोटीवरच्या निम्म्या लोकांनी ती खाल्ली.

५. पांग्यात चढणं-उतरणं

मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. शेवटचं अंतर ‘पांगा’ नावाच्या छोट्या मोटरहोडीतून जायचं. कोकणात तरीत चढलेल्याला हे नवं नाही, बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी नीट शिकून घ्यावं.

कॅमेरा, बाटली, काठी सगळं पिशवीत आणि पिशवी पाठीवर, म्हणजे दोन्ही हात मोकळे. खलाशी हात पुढे करेल, तेव्हा त्याचा पंजा धरायचा नाही. आपल्या हाताने त्याचं मनगट धरायचं आणि त्याने आपलं. ओला पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी तो ‘आता’ म्हणेल, तेव्हाच पाऊल टाकायचं.

‘कोरडं उतरणं’ म्हणजे खडकावर किंवा धक्क्यावर. ‘ओलं उतरणं’ म्हणजे गुडघाभर पाण्यात. ओलं उतरताना होडीच्या कडेवर बसायचं, दोन्ही पाय बाहेर फिरवायचे आणि घसरत खाली यायचं, उडी मारायची नाही. उथळ वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चला. वाळूखाली पाकट (चपटा मासा) पसरलेली असते. पाय घासला की ती आधीच सरकते, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारते.

६. पायवाटेवर

नियम थोडे आहेत. काळ्या-पांढऱ्या खुंट्यांच्या आत चालायचं. गाईडच्या नजरेबाहेर जायचं नाही. कोणत्याही प्राण्यापासून निदान दोन मीटर. खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही. संध्याकाळी सहाला बेट रिकामं करायचं.

दोन मीटर म्हणजे एक उंच माणूस आडवा झोपला की थोडी जागा उरेल इतकं. पण जनावरच दोन मीटरच्या आत आलं तर? हे रोज होतं. अशा वेळी मागे धावू नका, किंचाळू नका, वाकून हात पुढे करू नका. उभे राहा. ते वाट काढून पुढे जातं.

एस्पान्योलावर समुद्रसिंहाचं एक पिल्लू पोटावर सरपटत माझ्याकडे आलं. ओलं नाक माझ्या सँडलच्या पट्ट्याला टेकवून त्याने हुंगलं. मिशा पायाच्या बोटांना लागल्या. बोटं आपोआप आखडली. खाली बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं इतक्या जोरात वाटलं की मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. समुद्रसिंहाची आई शेकडो पिल्लांतून आपलं पिल्लू आवाजाने आणि वासाने ओळखते. ती समुद्रात मासे धरायला गेलेली असते आणि पिल्लू किनाऱ्यावर एकटं वाट बघत असतं. त्याच्या अंगाला आपला वास लावायचा नाही. ‘एकटं पडलंय बिचारं’ असं म्हणून त्याला पाण्याकडे ढकलायचं तर मुळीच नाही.

मोठ्या नराचं प्रकरण वेगळं आहे. कपाळावर उंचवटा असलेला, भुंकत किनाऱ्याला समांतर पोहणारा दिसला की समजा, हा किनारा त्याचा. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीही उभं राहू नका. माणसांना चावे बसतात ते बहुधा याच्याकडून.

समुद्री इग्वाना पहिल्यांदा दिसतच नाहीत. काळ्या लाव्हावर काळ्या घोरपडींचा ढीग असतो आणि एक शिंकली की आपल्याला कळतं की आपण शेकडो जणींसमोर उभे आहोत. समुद्रात शेवाळ चरणारा जगातला हा एकच सरडा. अंगात गेलेलं मीठ नाकाजवळच्या ग्रंथींतून पिचकारीसारखं बाहेर टाकतो, आणि ते परत डोक्यावर पडून तिथे पांढरी खरबरीत टोपी तयार होते. गार पाण्यातून आलेला इग्वाना उन्हात तापल्याशिवाय खाल्लेलं पचवू शकत नाही. म्हणून त्याच्यावर सावली पडेल असं उभं राहू नका आणि फोटोसाठी त्याला जागेवरून उठवू नका. एल निन्योच्या वर्षी, म्हणजे समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तेव्हा, शेवाळ संपतं आणि या प्राण्याची लांबीच कमी होते, हाडांसकट. इतक्या काटकसरीने जगणाऱ्याची ऊब उधळून लावायची नाही.

निळ्या पायांचा बूबी जमिनीवरच अंडी घालतो. घरटं म्हणजे त्याच्याच विष्ठेची पांढरी रांगोळी. ती कधीकधी ऐन पायवाटेवर असते, मग गाईड सगळ्यांना वळसा घालून नेतो. नर एक पाय उचलतो, मग दुसरा, आणि पंख उलटे करून चोच आकाशाकडे धरतो. हा नाच चालू असेल तर पुढच्या ठिकाणाची घाई करू नका, दहा मिनिटं थांबा. फर्नांदिनावर पाणकावळ्याचा नर समुद्रातून शेवाळाची जुडी चोचीत धरून येतो आणि घरट्यावरच्या मादीला देतो. ती ती घेते, इकडेतिकडे लावून बघते. त्याचे पंख म्हणजे फाटक्या छत्रीच्या काड्या. तेही तो वाळवायला पसरून उभा राहतो.

एस्पान्योलाच्या मॉकिंगबर्डपासून सावध राहा. चोवीस तास पाण्याच्या शोधात असलेला हा पक्षी बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज ओळखतो. माझ्या बाटलीवर तो येऊन बसला, तोंडाशी चोच लावून वाट बघत राहिला. थेंबभर पाणी द्यायला काय हरकत, असं सगळ्यांनाच वाटतं. पण रोज येणाऱ्या प्रत्येकाने थेंबभर दिलं तर तो पाणी शोधणं सोडून देईल. झाकण लावा आणि थांबा, तो जातो.

राक्षसी कासवं मुख्यतः सांता क्रूझच्या उंच भागात दिसतात. मागून जा, कडेने जा, समोर उभे राहू नका. घाबरलं की कासव हिस्स करून मान आत घेतं, तो सोडलेल्या श्वासाचा आवाज असतो आणि त्याचा अर्थ तुम्ही फार जवळ आहात. १८३५ साली डार्विन इथे पाच आठवडे होता, त्याने कासवांच्या पाठीवर बसून बघितलं होतं. त्याच्या आधी आणि नंतर देवमाशांची शिकार करणाऱ्या बोटींनी हजारो कासवं तळघरात रचून नेली, कारण ती अन्नपाण्याशिवाय महिनोन्‌महिने जिवंत राहत आणि ताजं मांस मिळे. पिंता बेटाच्या कासवांतला शेवटचा ‘लोनसम जॉर्ज’ २४ जून २०१२ रोजी गेला. पुएर्तो आयोराच्या डार्विन संशोधन केंद्रात त्याचं जतन केलेलं शरीर ठेवलं आहे. मान उंच ताणलेली. तिथे जरा वेळ काढा.

७. पाण्यात

पोहता येत नसेल तरी जाकीट घालून पाण्यावर तरंगता येतं. पहिला सराव शांत, वाळूच्या किनाऱ्यावर करा आणि लाज न बाळगता गाईडला आधीच सांगा. थंड हंगामात पश्चिमेचं पाणी वीस अंशांच्या आसपास उतरतं, म्हणून रबरी पोशाख बोटीवरून भाड्याने घ्याच.

हर्णै-मुरूडकडे डॉल्फिन दिसला की चार होड्या त्याच्यामागे लागतात, हे आपण बघतो. ती सवय इथे विसरा. कासव दिसलं की त्याच्यामागे पोहू नका. बाजूला राहा, त्याला श्वासासाठी वर यायची वाट मोकळी ठेवा. चरणारं कासव तुम्ही स्थिर राहिलात तर अगदी हाताशी येतं, आणि शेवाळ ओरबाडल्याचा करकर आवाज पाण्यातून ऐकू येतो. पांढऱ्या टोकाचे शार्क खडकाखाली पडून असतात. त्यांना कोंडीत पकडू नका म्हणजे झालं. समुद्रसिंहाची तरणी पोरं तुमच्याभोवती गिरक्या घेतात, तोंडासमोर बुडबुडे सोडतात. हात अंगाशी धरा. पेंग्विन तर समोरून गोळीसारखा जातो आणि मागे फक्त बुडबुड्यांची रेघ उरते. विषुववृत्ताच्या उत्तरेलाही राहणारा हा एकमेव पेंग्विन.

८. फोटो आणि रात्र

फ्लॅश बंद. ड्रोन नेऊच नका, बंदी आहे. मोबाईल पुरतो, जनावर एवढ्या जवळ असतं. पहिली पाच मिनिटं कॅमेरा न काढता बघा, म्हणजे ते काय करतंय हे कळतं आणि पुढचा फोटोही चांगला येतो.

रात्री दिव्याखाली बोटीमागे पाण्यात शार्क फिरताना दिसतील. बघा, पण पाण्यात उतरू नका. फ्रिगेट पक्षी दिवसा बोटीच्या वर पंख न हलवता तासन्तास तरंगतात, त्यांना काही फेकू नका. समुद्रसिंह मागच्या फळीवर चढून झोपला असेल तर खलाशांना सांगा, स्वतः हाकलू नका.

९. फ्लोरेआनाचं पिंप

फ्लोरेआना बेटावर एक लाकडी पिंप आहे. जुन्या काळी खलाशी त्यात पत्रं टाकत आणि घरी परतणारी बोट ती नेत असे. आजही तसंच चालतं: तिकीट न लावता कार्ड टाकायचं आणि आपल्या गावाकडचं एखादं दिसलं तर उचलून हातोहात पोहोचवायचं. कार्ड घरूनच लिहून न्या, पत्ता पिनकोडसकट, आणि देवनागरीबरोबर रोमन लिपीतही. मला त्यात नाशिकचा पत्ता सापडला. दीड महिन्याने दारावरची बेल वाजवली तेव्हा कार्ड लिहिणाऱ्याच्या आजींनी उघडलं.

१०. परतताना

शेवटच्या संध्याकाळी डेकवर बूट-सँडल धुऊन घ्या. खरं तर हे प्रत्येक बेटानंतर करायचं, कारण एका बेटाची वाळू आणि बी दुसऱ्या बेटावर न्यायची नसते. मग सगळे खिसे उलटे करा, मुलांचे दोनदा. आमच्या बोटीवरच्या एका लहान मुलीच्या खिशात शिंपला निघाला, गाईडने तो शांतपणे घेतला आणि कुठल्या किनाऱ्यावरचा ते तिलाच विचारून वहीत लिहून ठेवलं. शिंपला, वाळू, लाव्हाचा खडा, पीस, काहीही बेटाबाहेर नेता येत नाही.

आणि ते पीतज्वराचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको. एक्वादोर सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात.